मोठी फाइल पाहण्याच्या सोयीबाबत

फाइल लहान असते तोवर माणूस तिला पाहतो. ती मोठी झाली की ती माणसाला पाहू लागते. हे सत्य कोणत्या ग्रंथात आहे मला ठाऊक नाही, पण आमच्या कार्यालयात ते तळमजल्यापासून वरपर्यंत सर्वांना मान्य आहे.

आमचे कार्यालय वजनमापांचे. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे हे तपासून त्यांवर शिक्का मारायचा, हे आमचे काम. इमारत चार मजली, लिफ्ट एक, जिने दोन (त्यांपैकी एका जिन्यात जप्त केलेले तराजू ठेवले आहेत, म्हणून जिना एक). मी इतिवृत्त लिहिते. बैठकीत कोण काय म्हणाले ते उतरवून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी तो कागद सगळ्यांच्या टेबलांवरून 'अवलोकनार्थ' फिरवायचा, आणि सगळे त्यावर 'पाहिले' असे लिहून सही करतात. 'पाहिले' हा आमच्याकडचा सर्वांत कामाचा शब्द आहे. 'पाहिले' लिहिले की कागद पुढे सरकतो, आणि कागद पुढे सरकणे यालाच काम म्हणतात. 'वाचले' असे कुणी लिहीत नाही. वाचले म्हटले की काय वाचले, मग कळले काय, आणि कळले तर केले काय, असे एकातून एक निघत जाते. 'पाहिले'तून काहीही निघत नाही. मोठा सात्त्विक शब्द आहे.

(कुणाविषयी वावगे बोलायचे नाही असा माझा रोजचा नेम आहे. पुढे जे येईल ते कौतुक समजूनच घ्यावे.)

आमची लिफ्ट नवी आणि गुणी. तिच्या पोटात एक लहानसा संगणक आहे आणि जे घडेल ते तो एका फाइलीत लिहितो. दार उघडले, लिहिले. दार मिटले, लिहिले. आत माणसे किती, त्यांचे वजन किती, दिवा लागला की नाही, कोणत्या मजल्यावरून बोलावणे आले, सगळे. काहीच घडले नाही तर 'काही घडले नाही' असेही तो क्षणाक्षणाला लिहून ठेवतो. इतका प्रामाणिकपणा माणसांत आढळत नाही (आढळला तर त्या माणसाची बदली होते). या सगळ्याची फाइल मात्र एकच. बसवल्या दिवसापासून ती वाढते आहे.

अशा या लिफ्टमध्ये एके सकाळी आमचे भावजी अडकले.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. ते आमच्याच कार्यालयात वजन तपासनीस आहेत (तेव्हा ते वेगळ्या खोलीत एकटे राहत, आमच्याकडे फक्त सकाळच्या चहाला येत). स्वभाव इतका भिडस्त की दुकानदाराचे वजन कमी भरले तर तेच 'माफ करा हं' म्हणतात. चौथ्या मजल्यावर टेलिफोनच्या बोर्डापाशी ज्या बाई बसतात, त्यांना लग्नाचे विचारायचे असे भावजींनी फार वर्षांपूर्वी ठरवले होते. निर्णय पक्का होता. अंमलबजावणी बाकी होती. तेवढ्यात टेलिफोनबाईंची बदली निघाली. महिनाअखेरीला त्या इतक्या लांबच्या शाखेत जाणार होत्या की तिथे फोन लावायचा तर आधी त्यांच्याच बोर्डावरून लावावा लागे. त्यामुळे त्या दिवशी सकाळी भावजी चहाचा कप हातात तसाच धरून बराच वेळ उभे राहिले.

"वहिनी, आज चौथ्या मजल्यावर जाऊन येतो."

"जा. आणि नुसते जाऊन येऊ नका. बोला."

"जिन्याने जाऊ का लिफ्टने?"

"त्यात काय विचारायचं, भावजी?"

"तसं नव्हे. जिन्याने गेलो तर धाप लागते. धापा टाकत काही विचारलं तर त्यांना वाटेल, कुठेतरी आग लागलीय."

"मग लिफ्टने जा."

"हो. लिफ्टच बरी," ते म्हणाले, आणि कप तसाच ठेवून गेले.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. तिसऱ्या मजल्यावर दाराशी खाली बसले की चार बोटांची फट दिसे, आणि फटीतून भावजींचे कपाळ, डोळे आणि नाकाचा निम्मा भाग. दार तोडावे असे एकदोघांनी सुचवले. त्यावर साहेबांनी त्यांना गॅरंटी दाखवली. लिफ्टची गॅरंटी अजून शिल्लक होती आणि दाराला परक्याचा हात लागला तर ती रद्द होणार होती. माणूस पुन्हा मिळतो, गॅरंटी मिळत नाही, असे साहेब कळवळून म्हणाले. सर्वांना ते पटले. भावजींनीही आतून "बरोबर आहे" असे म्हटले.

लिफ्टच्या कंपनीला फोन लावला (टेलिफोनबाईंनीच लावला, दोनदा चुकीच्या ठिकाणी लागला म्हणतात). कंपनीचे म्हणणे सरळ होते. लिफ्ट का थांबली हे लिफ्टने लिहून ठेवलेलेच असणार. फाइल पाहा, दोषाची ओळ आम्हांला कळवा, आमचा माणूस येईल. ओळ न कळवता माणूस पाठवणे हे गॅरंटीच्या शर्तींमध्ये बसत नाही.

आमच्या संगणकवाल्यांनी फाइल उघडायला घेतली. पडदा पांढरा झाला. मग संगणकाने 'प्रतिसाद देत नाही' असे कळवले. निदान तेवढे तरी त्याने कळवले. मग संगणकवाल्यांनी फाइलीचा आकार सांगितला. कुणाला अंदाज येईना म्हणून त्यांनी हिशेब मांडला: ही फाइल कागदावर छापली तर गठ्ठे ठेवायला कार्यालय रिकामे करावे लागेल, आणि उरलेले गठ्ठे लिफ्टने वर न्यावे लागतील.

तेव्हा अतिशय मोठ्या फाइली पाहण्यासाठी योग्य ते सॉफ्टवेअर निवडण्याकरिता समिती नेमण्यात आली. समितीत पाच जण: साहेब, हिशेबनीस, संगणकवाले, इतिवृत्तापुरती मी, आणि एक रिक्त जागा. (रिक्त जागेने शेवटपर्यंत तटस्थ भूमिका घेतली. तिच्या समतोलपणाचे साहेबांनी दोनदा कौतुक केले.)

पहिल्या बैठकीत सॉफ्टवेअरकडून अपेक्षा निश्चित झाल्या. त्या अशा:

एक. फाइल पाहताना तिच्यात काही बदल होऊ नये.

दोन. फाइल पाहून पाहणाऱ्याच्या मतातही काही बदल होऊ नये.

तीन. अक्षर मोठे असावे, कारण फाइल मोठी आहे. (साहेबांची सूचना.)

चार. फाइल सुरुवातीपासूनच पाहता यावी. मधूनच किंवा शेवटून पाहण्याची सोय असल्यास ती बंद करून मिळावी. अशा सोयींमुळे घाईची सवय लागते.

पाच. रंग डोळ्यांना निवांत वाटेल असा असावा. शक्यतो फिकट हिरवा.

संगणकवाल्यांनी हळूच विचारले की शोधण्याची सोय नको का, म्हणजे 'दोष' असा शब्द टाकला की थेट ती ओळ यावी. हिशेबनीस म्हणाले, "अहो, आपण वजनमापवाले. दोष शोधायचा म्हटला की आधी तराजूवाल्याला नोटीस द्यावी लागते. फाइलीला नोटीस कुठल्या पत्त्यावर देणार?" मुद्दा बिनतोड होता. शोधण्याची सोय वगळण्यात आली.

इकडे मी रोज दुपारी भावजींना डबा पोहोचवू लागले. जिना चढताना देवाचे नाव घ्यायचे असा माझा नेम आहे, त्यामुळे लिफ्ट बंद असल्याची मला वैयक्तिक झळ पोहोचली नाही. फटीतून अख्खा डबा जात नसे. एकेक पुडा आडवा सरकवावा लागे, आणि आमटीचा पुडा असेल तर सगळा मजला श्वास रोखून पाही. (इतर गरजांसाठी आत काय व्यवस्था होती हे इतिवृत्तात नाही. मीही विचारलेले नाही.) मात्र एक सांगते. आत अडकलेला माणूस, पण भावजी रोज कसे ताजेतवाने दिसत! दाढी केलेली, केस विंचरलेले, शर्टसुद्धा वेगळा. ही देवाचीच कृपा असे मी सगळ्यांना सांगत असे, आणि भावजी फटीतून नजर खाली वळवत.

"भावजी, त्यांना काही निरोप देऊ का?"

"कुणाला?"

"आता कुणाला म्हणून काय विचारता? चौथ्या मजल्यावर."

"नको नको. मी प्रत्यक्षच बोलणार आहे. लिफ्ट सुरू झाली की."

"महिना संपत आलाय."

"समितीचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारले. समितीची चौकशी ते फार आपुलकीने करत.

समितीने पाच सॉफ्टवेअरे चाचणीला मागवली होती. त्यांचा अहवाल थोडक्यात देते.

पहिले आमच्या संगणकात आधीपासूनच होते. फाइल दाखवताच ते 'फाइल फार मोठी आहे' असे म्हणून बंद झाले. आपली कुवत ओळखून वेळीच बाजूला होणे हा गुण दुर्मीळ असल्याचे मत साहेबांनी नोंदवले. त्याला उत्तेजनार्थ क्रमांक दिला.

दुसऱ्याने अख्खी फाइल एकदम पोटात घ्यायला सुरुवात केली. सकाळ गेली, दुपार गेली. संगणक इतका तापला की हिशेबनीसांनी त्यावर पाठ शेकून घेतली आणि कमरेला पुष्कळ आराम पडल्याचे लेखी दिले. 'थोडे थांबा' अशी पाटी पडद्यावर होती. आम्ही थोडे थांबलो. मग खोलीतला पंखा थांबला, मग दिवे थांबले.

तिसऱ्याची युक्ती वेगळी होती. ते मोठ्या फाइलीचे तुकडे करी. आधी एक फाइल होती, जी उघडत नव्हती. आता असंख्य फाइली झाल्या, ज्या सगळ्या उघडत होत्या. कार्यालयात आनंदीआनंद झाला. तुकडे सर्व कर्मचाऱ्यांत वाटले आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर 'पाहिले' लिहून परत केला. शंभर टक्के तुकडे पाहून झाले. त्यांत होते काय, हा प्रश्न संगणकवाल्यांनी काढला, पण तोवर चहा आला होता.

चौथे सॉफ्टवेअर दिसायला अगदीच किरकोळ. चित्र नाही, रंग नाही, फुकट मिळणारे. संगणकवाल्यांनी त्याला फाइल दाखवली आणि आम्ही खुर्च्यांमध्ये नीट बसायच्या आत ते शेवटच्या ओळी दाखवून मोकळे झाले. सबंध फाइल उचलायची गरज नसते, जेवढा भाग पाहायचा तेवढाच उचलतात, असे काहीसे संगणकवाले सांगू लागले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवले. बैठकीत सर्वांना खरोखर वाईट वाटले.

"एवढी मोठी फाइल," साहेब म्हणाले, "आणि तिला इतकाच वेळ? कुणी आपल्याकडे यावं आणि आपण त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावं, तसं झालं हे."

"आणि शेवट आधी दाखवतंय," हिशेबनीस म्हणाले. "मग सुरुवातीला काय अर्थ राहिला?"

"शिवाय फुकट आहे. फुकट वस्तूची तक्रार कुणाकडे करणार?"

चौथे बाद झाले. तरी चाचणीत पडद्यावर जे दिसले ते इतिवृत्तात आले पाहिजे म्हणून त्या ओळी मी जशाच्या तशा उतरवून घेतल्या. (उतरवताना अर्थाकडे लक्ष द्यायचे नसते. अर्थाकडे लक्ष गेले की ओळ सुटते.)

पाचवे सॉफ्टवेअर मात्र पाहताक्षणी सर्वांच्या मनात भरले. ते फाइल उघडतच नसे. फिकट हिरव्या पडद्यावर फाइलीचे नाव ठसठशीत अक्षरांत येई, त्याखाली तिचा आकार, आणि त्याखाली एक गुबगुबीत बटण: 'पाहिले'. बटण दाबले की वर शिक्का उमटे, तारीख पडे आणि मंद घंटा वाजे. विक्रेत्याला संगणकवाल्यांनी विचारले, "पण आतला मजकूर?" विक्रेत्याने आमचेच पत्र काढून दाखवले. त्यात 'मोठी फाइल पाहण्याची सोय' असे स्पष्ट लिहिले होते. वाचण्याचा कुठे उल्लेख नव्हता. "वाचायचं असेल तर तो वेगळा विभाग," तो नम्रपणे म्हणाला. "तिकडे अजून कुणी मागणी नोंदवलेली नाही."

साहेबांनी बटण दाबले. घंटा वाजली. साहेबांनी पुन्हा दाबले. मग हिशेबनीसांनी दाबून पाहिले. रिक्त जागेच्या वतीनेही एकदा दाबण्यात आले. निवड एकमताने झाली.

त्याच दिवशी कंपनीला कळवले: 'फाइल पाहिली. दोष आढळून आला नाही.' कंपनीचे उत्तर लगेच आले: 'दोष नसल्यास लिफ्ट सुरू आहे. अभिनंदन.'

यामुळे प्रश्न सुटला, आणि भावजींचा प्रश्न निर्माण झाला. लिफ्ट सुरू आहे हे आता कागदोपत्री सिद्ध होते. सुरू असलेल्या लिफ्टमध्ये कुणी अडकू शकत नाही. म्हणजे भावजी अडकलेले नव्हते. मग ते आत काय करत होते? प्रवास करत होते. कार्यालयीन वेळेत, परवानगीशिवाय, तेही इतका लांबचा. साहेबांना ही कारवाई जिवावर आली, पण त्यांनी नोटीस काढली: 'आपण दुसऱ्या ते तिसऱ्या मजल्यादरम्यान केलेल्या प्रदीर्घ प्रवासाचा खुलासा करावा.' नोटीस फटीतून आत सरकवली. थोड्या वेळाने ती तशीच बाहेर आली. खाली भावजींच्या नीटस अक्षरात लिहिले होते: 'पाहिले.'

साहेब खुश झाले. माणूस शिस्तीचा आहे, असे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी चाचणीचे इतिवृत्त फिरवले. सगळ्यांनी 'पाहिले' लिहिले. कागद चौथ्या मजल्यावरून परत आला तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतले. ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा कागदाकडे बघत होते.

"या टेलिफोनबाईंनी सहीबरोबर हे काय लिहिलंय?"

मी पाहिले. लिहिले होते, 'वाचले.'

"वाचल्या?" साहेब खरोखर काळजीने म्हणाले. "कशातून?"

तेवढ्यात टेलिफोनबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर बोर्डाचा हेडफोन तसाच, त्याची वायर मागे लोंबत होती. त्यांनी साहेबांच्या हातातला कागद घेतला (कागद असा हातातून घेण्याची पद्धत आमच्याकडे नाही) आणि मला म्हणाल्या, "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"उतरवलंय," मी म्हटले.

"मग वाचा की जरा."

मी वाचले. चौथ्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या शेवटच्या ओळी अशा होत्या:

'दार ठीक. दोरी ठीक. दिवा ठीक. आत माणूस एक, वजन एकसष्ट किलो. चौथ्या मजल्यावरून बोलावणे. आतल्या माणसाने "थांबा" दाबले. चौथ्या मजल्यावरून बोलावणे. आतल्या माणसाने "थांबा" दाबले. कार्यालय बंद. दार उघडले. आत माणूस नाही. सकाळ. दार उघडले. आत माणूस एक. चौथ्या मजल्यावरून बोलावणे. आतल्या माणसाने "थांबा" दाबले.'

मी कागद टेबलावर ठेवला. देवाच्या कृपेबद्दल मी जे सगळीकडे सांगत सुटले होते ते आठवून माझे कान गरम झाले.

"चौथ्या मजल्यावरून बोलावणारं दुसरं कोण आहे?" टेलिफोनबाई म्हणाल्या. "सगळे जिन्याने जातात. बंद लिफ्टचं बटण येता जाता दाबत बसणारी मीच एक वेडी. म्हटलं, आज सुरू होईल, उद्या सुरू होईल."

"पण लिफ्ट बंद नव्हतीच," साहेब म्हणाले. "आम्ही पाहिलंय."

टेलिफोनबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. ते पाहणे फाइल पाहण्यापैकी नव्हते. साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मागोमाग मी, माझ्यामागे हिशेबनीस, संगणकवाले आणि ज्यांना काही काम होते असे सगळे. टेलिफोनबाई फटीपाशी खाली बसल्या. आत भावजी स्टुलावर बसून पेपर वाचत होते. (स्टूल आत कसे गेले, हे आता कुणी विचारले नाही.)

"अहो," टेलिफोनबाई म्हणाल्या.

आता 'अहो' आपण वाटेवरच्या माणसालाही म्हणतो. पण ते 'अहो' तसले नव्हते. ते कानावर पडले आणि हिशेबनीसांनी उगाचच कॉलर नीट केली. आत पेपर खाली पडल्याचा आवाज आला.

"अहो, किती वेळा बोलवायचं माणसानं?"

"बटण..." आतून आवाज आला. "बटण जरा बिघडलंय."

"बटण बिघडलेलं नाही. दार ठीक, दोरी ठीक, दिवा ठीक. वाचलंय मी."

"सगळं?"

"सगळं. वजनसुद्धा. एकसष्ट."

"ते... ते डब्यासकट," भावजी घाईघाईने म्हणाले. "डबा काढला तर साठच्या आत भरेल. तपासून घ्या हवं तर."

मागे कुणीतरी खुदकन हसले. टेलिफोनबाई हसल्या नाहीत.

"आज महिन्याचा शेवटचा दिवस आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी जातेय. तुम्हांला काय सांगायचं होतं?"

आत पडलेला पेपर उचलून भावजींनी त्याची घडी घातली. मग अगदी बारीक आवाज: "ते इथून सांगण्यासारखं नाही हो. फटीतून बरं दिसत नाही."

"मग वर येऊन सांगा. मी जिन्याने जातेय. वर पोहोचले की एकदाच बटण दाबणार. पुन्हा दाबणार नाही."

त्या उठल्या आणि जिना चढू लागल्या. आम्ही सगळे फटीकडे तोंड करून उभे राहिलो. मी देवाचे नाव घेतले. जिना चढत नसताना घ्यायचे की नाही, याचा नेमात काही उल्लेख नाही. संगणकवाले नखे खात होते. "गॅरंटीला काही होणार नाही ना?" असे हिशेबनीस पुटपुटले, पण त्यांचेही लक्ष तिकडे नव्हते.

वर खट्ट झाले. लिफ्टमधला लहान दिवा लागला. फटीतून भावजींचे डोळे दिसले. ते उजवीकडे असलेल्या बटणाकडे बघत होते. हात अर्धा वर आला. मग तो हात डोक्यावरून फिरला, केस सारखे केले, आणि खाली गेला. दार मिटले. दोरी करकरली. लिफ्ट वर गेली.

वर ते काय बोलले हे इतिवृत्तात नाही, कारण मला वर जाऊ दिले नाही. इतकेच सांगते की संध्याकाळी बदली रद्द करण्याचा टेलिफोनबाईंचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आला, साहेबांनी सवयीने त्यावर 'पाहिले' लिहून सही केली, आणि त्यामुळे तो मंजूर झाला. लग्न साधेपणाने झाले. आमच्या धाकट्या जाऊबाई आता स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभ्या राहून रेशनच्या पिशवीवर छापलेलेसुद्धा वाचतात, मोठ्याने, आणि वजन कमी भरले तर पिशवी दुकानदाराला परत पाठवतात. भावजींची कामे त्यामुळे निम्म्याने कमी झाली आहेत.

नव्या सॉफ्टवेअरचे यश पाहून समितीला कायमचे करण्यात आले. अहवालात म्हटले आहे की बटण दाबल्यानंतर लिफ्ट सुरू झाली, यावरून बटणानेच ती सुरू झाली हे उघड आहे. फाइलीचा आकार त्यानंतर आणखी वाढला आहे. ती रोज सकाळी घंटा वाजवून पाहिली जाते.

वाढण्याचे कारण असे की लिफ्टला आता मागणी फार आली. लिफ्ट मध्येच थांबवून आत बसता येते, बाहेर लोक काळजी करतात, वेळेवर डबा येतो आणि गॅरंटीमुळे कुणी हात लावत नाही, ही बातमी इमारतीत आणि मग इमारतीबाहेरही पसरली. प्रत्येकाचे काही ना काही चौथ्या मजल्यावर असतेच. कुणाला तिथे माफी मागायची असते, कुणाला राजीनामा द्यायचा असतो, कुणाला भावाशी अबोला सोडायचा असतो. हिशेबनीसांना तर वैद्याकडे जाऊन कंबर दाखवायची आहे. सर्वेक्षणानुसार शेकडा त्र्याण्णव लोक 'आजच जाणार होतो' असे सांगतात, आणि उरलेले सात सर्वेक्षणाच्या वेळी लिफ्टमध्ये होते. त्यामुळे आता पाळ्या लावल्या आहेत. नोंदणी तळमजल्यावर होते आणि रांग फाटकाच्या बाहेर गेली आहे.

तुम्ही रांगेत दिसला नाहीत म्हणून मी सहज चौकशी केली. तुम्हांला नोंदणीची गरज नाही, असे कळले. इतक्या लांबलचक मजकुरामागे शांतपणे बसण्याची तुमची सोय घरबसल्याच झालेली आहे. बसा. मात्र मजकूर इथे संपतो, आणि ज्या माणसाकडे जायला तुम्ही आत्ता उठणार होतात, तो वर अजून थांबलेला आहे. बटण त्याने एकदाच दाबले आहे.